मनोऱ्याखालचा वाद

कर्जतहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये जे वाद रंगतात, त्यांना विषयाची शिस्त अशी नसते. भिवपुरीला कुणीतरी शेतातल्या विजेच्या टॉवरचं गाऱ्हाणं काढतो, बदलापूरपर्यंत ते कोर्टात पोचलेलं असतं, कल्याणला सरकार पडतं आणि दादर यायच्या आत अमेरिका, रशिया, चीन सगळ्यांचा निकाल लागलेला असतो. मांडीवरच्या बॅगेवर पत्ते चालूच असतात. शिकलेसवरलेले लोक याला वेळ घालवणं म्हणतात. यंत्राचा विषय निघाला तर इंजिनिअरने बोलावं, कायद्याचा निघाला तर वकिलाने, आणि परराष्ट्र धोरण दिल्लीवर सोडावं, असा त्यांचा सल्ला असतो.

मला हा सल्ला पटत नाही, आणि त्याचं कारण या भागाच्या इतिहासातच आहे. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबई आणि देश यांच्या मधल्या उंबरठ्यावर बसलेले. उंबरठ्यावरून सगळ्यांनाच जावं लागतं. त्यामुळे इथे जे यंत्र आलं, ते कधी एकटं आलं नाही. त्याच्याबरोबर एक कायदा आला, कायद्याबरोबर सरकार आलं आणि मागोमाग दूरच्या कुठल्यातरी लढाईची झळही आली. या चार गोष्टी वेगवेगळ्या कपाटांत ठेवायची सोय इथल्या माणसाला कधी मिळालीच नाही.

सुरुवात घाटापासून करू. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबली. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी १८५८ साली सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच होता. प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीतून किंवा तट्टावरून खंडाळा गाठत. तो घाट फोडण्याचं काम विल्यम फॅविएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होतं. सदतीस फूट पुढे जावं तेव्हा एक फूट वर चढावं असा तो चढ, त्यात पंचवीस बोगदे. कामाच्या भरात असताना घाटात चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि पैसा वरून खाली येता येता आटत जाणार, हे तेव्हाही असंच होतं. मजुरी थकली. जानेवारी १८५९ मध्ये घाटातले मजूर बिथरले, गोऱ्या देखरेखदारांशी मारामाऱ्या झाल्या, चौकशी बसली. पुढच्याच वर्षी, १८६० साली, मालक आणि कामगार यांच्या तंट्यांसाठी एक कायदा झाला. रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत, असं त्याने ठरवलं.

हिंदुस्थानातल्या कामगार कायद्यांच्या इतिहासात या कायद्याचं नाव सुरुवातीलाच घ्यावं लागतं, आणि त्याचं मूळ आपल्या घाटात आहे, ही गोष्ट कर्जतच्या शाळांत तरी शिकवायला हवी. पण ती पूर्ण शिकवावी. कारण मजुरी मिळवून देणाऱ्या त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद होती. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

फॅविएलने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि ठेका त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, पुरा करून घेतला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झालेली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि देशावरचा कापूस लवकरात लवकर मुंबईच्या बंदरात कसा उतरेल याची लंडनला घाई. घाटात सुरुंग लावणाऱ्या मजुराने लिंकनचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण त्याची मजुरी का थकली आणि काम इतक्या घाईत का चाललं आहे, याचं उत्तर त्याला खरोखरच हवं असतं, तर ते खोपोलीत संपलं नसतं.

रेल्वेनंतर पन्नास वर्षांनी त्याच घाटाकडे दुसऱ्या कामासाठी पाहिलं गेलं. लोणावळ्याच्या माथ्यावर पाऊस अफाट पडतो आणि पाणी पूर्वेला, इंद्रायणीतून भीमेकडे आणि पुढे कृष्णेकडे जातं. ते अडवून पश्चिमेला कड्यावरून खाली सोडलं तर सुमारे सतराशे फुटांची उडी मिळते. डेव्हिड गॉसलिंग यांनी ही कल्पना जमशेटजी टाटांपुढे मांडली होती. ते १९०४ साली गेले आणि काम मुलांनी पुढे नेलं. लंडनच्या बाजारात भांडवल हव्या त्या अटींवर मिळेना, तेव्हा पैसा इथेच उभा राहिला, त्यात संस्थानिकांचाही मोठा वाटा होता. १९१० साली कंपनी झाली, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी कळ दाबून खोपोलीची वीज मुंबईकडे सोडली.

यंत्र म्हणाल तर साधं वाटतं. जाड पोलादी नळातून पाणी खाली येतं, बारीक तोंडातून सुसाट सुटतं आणि चाकाला लावलेल्या वाट्यांवर आदळतं. हे पेल्टनचं चाक. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात ते जन्मलं. खोपोलीतून निघालेली वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या परळला जायची. त्या काळी इतक्या दाबाच्या वाहिन्या जगातही फार नव्हत्या. पुढे १९२२ साली आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर सुरू झालं आणि कर्जत तालुकाही या जाळ्यात आला.

मुंबईच्या इतिहासात याचं वर्णन नेहमी परळच्या बाजूने येतं. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर कमी झाला, दगडी कोळशाची सक्ती सुटली, देशी भांडवलाने परदेशी मक्तेदारीला उत्तर दिलं. हे सगळं खरं आहे. पण तेच खालापूरच्या बाजूने पाहिलं तर चित्र असं दिसतं: पाणी वरून आलं, वीज झाली, आणि ती डोक्यावरून निघून गेली. एक लाख व्होल्टच्या तारेवरून गावात दिवा लावता येत नाही. त्यासाठी दाब उतरवणारं उपकेंद्र लागतं, आणि मुंबईसाठी उभारलेल्या वाहिनीवर वाटेतल्या खेड्यासाठी उपकेंद्र घालण्याची कुणाला निकड नव्हती. मनोऱ्यांच्या सावलीत अनेक वर्षं रॉकेलच्या चिमण्या जळत राहिल्या. यात यंत्राचा दोष नाही. वाहिनी कुठून सुटणार, कुठे उतरणार आणि वाटेत कुठे थांबणार नाही, हे माणसं ठरवतात. ते ठरवणं म्हणजेच राजकारण.

आता कायदा. लोकलमध्ये टॉवरवरून जो वाद होतो, त्यात एक वाक्य हमखास येतं: ‘‘जागा माझी, मग खांब विचारल्याशिवाय कसा रोवतात?’’ या प्रश्नाचं उत्तर १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात आहे. त्याच्या दहाव्या कलमाने सरकारच्या तार खात्याला कुणाच्याही जमिनीत खांब उभारायचा आणि जमिनीवरून तार न्यायचा अधिकार दिला. जमीन विकत घ्यायची नाही, संपादनही करायची नाही. मालकी शेतकऱ्याचीच, सरकारला फक्त वापराचा हक्क. नुकसान झालं तर भरपाई. तारायंत्राच्या बारीक खांबासाठी हे ठीक होतं. पण १९१० च्या वीज कायद्यातल्या ५१ व्या कलमाने तार खात्याचे हेच अधिकार वीज कंपनीला बहाल करण्याची मुभा सरकारला दिली. काठीएवढ्या खांबासाठी शिवलेला अंगरखा लोखंडी मनोऱ्याच्या अंगावर चढला.

तोच अंगरखा पुढेही राहिला. स्वातंत्र्यानंतरच्या २००३ च्या वीज कायद्यातही १६४ वं कलम जवळपास हेच म्हणतं. जमिनीच्या किमतीचा विचार व्हायला २०१५ साल उजाडलं. त्या वर्षी केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या: मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के. एकशेतीस वर्षं शेतकरी विचारत होता ते वाक्य अडाणीपणाचं नव्हतं, एवढं तरी त्यातून सरकारनेच मान्य केलं. आणि ज्या तालुक्यांत शेताला फार्म हाऊसचा भाव आला, तिथे हा पट्टा म्हणजे किती मोठी रक्कम, हे कर्जतकरांना सांगायला नको.

मुळशीचं नाव इथे घ्यायला हवं, ते घाटावरचं असलं तरी. खोपोली आणि भिवपुरीनंतरच्या टाटांच्या तिसऱ्या योजनेचं धरण तिथलं, आणि त्याचं वीजघर कोकणात भिऱ्याला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळच्या शेतकऱ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. हेच बापट तरुणपणी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकून आले होते. तेव्हा पुण्यात घरोघरी जो वाद झाला, तो आजच्या डब्यातल्या वादासारखाच सरमिसळ होता: कंपनी देशी आहे, मग विरोध कसा करायचा? खासगी कंपनीसाठी सरकार जमीन संपादन करून देतं, ते कोणत्या ‘सार्वजनिक हितासाठी’? स्वराज्य आलं तर धरण थांबेल की फक्त त्याचा मालक बदलेल? सत्याग्रह मोडला, बापट तुरुंगात गेले, १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. प्रश्न मात्र तसेच राहिले, आणि पंधरा वर्षांनी ते आपल्या तालुक्यात उतरले.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान म्हणजे साहेबांची हवा खाण्याची जागा; वर बंगले आणि खाली नेरळपासूनच्या रानात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. कोतवाल शिकले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण त्यांची ओळख ‘भाई’ अशी झाली ती धान्यामुळे. पावसाळ्यात आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांच्या घरातलं धान्य संपतं. मग सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला मणाला दीड मण परत घालायचे. या चक्राला तोड म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या. गावोगावी शाळाही काढल्या. कोर्टातली वकिली त्यांना येतच होती. पण सावकाराच्या वहीपुढे कोर्ट पुरं पडत नाही, हे त्यांनी पाहिलं असणार.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले. कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्याभोवती कर्जत-मुरबाडकडच्या तरुणांचा दस्ता जमला. त्यात माणिवलीचे हिराजी पाटील होते. या दस्त्याने पोलीस चौकी किंवा कचेरी हे लक्ष्य धरलं नाही. त्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे धरले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात अकरा मनोरे पाडले, असं सांगितलं जातं. मुंबईच्या कारखान्यांना धक्के बसू लागले आणि कोतवालांना पकडून देणाऱ्यासाठी सरकारने बक्षीस लावलं.

मनोराच का, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. कोतवालांची समारंभातली वर्णनं ऐकली की वाटतं, मनोरा ही हाताशी सापडलेली वस्तू होती. मला तसं वाटत नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये युद्धाची स्थिती काय होती ते पाहा. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. मुंबई हे युद्धाचं कोठार झालेलं. गिरण्या, गोदी, कारखाने सैन्यासाठी चाललेले. आणि त्या कोठाराची बहुतेक वीज घाटातून येत होती. सरकारचं सगळं बळ दिल्लीत किंवा लंडनमध्ये असतं अशी आपली समजूत असते. ते बळ एका तारेतून आपल्याच शिवारावरून जातं आहे, हे ओळखायला यंत्र, सरकार आणि जागतिक राजकारण या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. लोकलमधल्या माणसाला आपण जो दोष देतो, तोच गुण इथे कामाला आला.

पण याचा अर्थ वाद संपला असा नाही. त्या वेळीही तो जोरात होता आणि त्यातला प्रत्येक पक्ष विचार करण्यासारखा होता.

पहिला प्रश्न अहिंसेचा. मनोरा पाडणं ही हिंसा आहे का? गांधीजी तुरुंगात होते. ‘हरिजन’च्या २३ ऑगस्टच्या अंकात किशोरलाल मशरूवाला यांनी लिहिलं की, जीविताला धोका न पोचवता तारा तोडणं, रूळ काढणं हे अहिंसेच्या चौकटीत बसू शकतं. पुष्कळ भूमिगतांनी तोच आधार धरला. गांधीजींना मात्र तो मान्य नव्हता. सुटकेनंतर १९४४ साली त्यांनी गुप्तता आणि घातपात हे अहिंसेत बसत नाहीत असं स्पष्ट केलं आणि भूमिगतांना उघडपणे बाहेर यायचा सल्ला दिला. तोवर सिद्धगडाला दीड वर्ष उलटून गेलं होतं.

दुसरा प्रश्न युद्धाचा, आणि तो जास्त अवघड. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्टांनी या युद्धाला लोकयुद्ध म्हटलं. त्यांच्या मराठी साप्ताहिकाचं नावही ‘लोकयुद्ध’. त्यांचं म्हणणं असं की, मुंबईची वीज तोडणं म्हणजे फॅसिझमविरुद्धच्या आघाडीत खंड पाडणं. ज्या महिन्यांत कर्जतच्या रानात मनोरे पडत होते, त्याच महिन्यांत स्टालिनग्राडची लढाई चालू होती. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. हिटलर जिंकला असता तर आपल्या स्वातंत्र्याचं काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हाही खरा होता. पण त्याला उत्तरही इतिहासातच आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. आपलं सरकार कोणतं असावं हे ठरवण्याचा हक्क सर्व लोकांना आहे, असं तीत म्हटलं होतं. महिन्याभरात चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगून टाकलं की हे हिंदुस्थानला लागू नाही. ज्यांना सनदेतून वगळलं, त्यांच्याच शिवारातल्या तारेवर सनदेची लढाई चालवायची, यातली विसंगती दाखवायला कोतवालांना परदेशी जावं लागलं नाही.

तिसरा प्रश्न गिरणी कामगाराचा. वीज गेली की गिरणी थांबते आणि पगार बुडतो तो मालकाचा नाही. कोकणातलंच कुणी माणूस परळच्या खोलीत बसून हा हिशोब मांडत असणार. याला समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही आणि चळवळीच्या साहित्यात या प्रश्नाला फारशी जागाही मिळालेली नाही.

चौथा प्रश्न कायद्याचा: वकिलाने कायदा मोडावा का? इथे त्या वेळच्या कायद्याची अवस्थाही पाहायला हवी. ऑगस्ट १९४२ मध्ये सामुदायिक दंडाचा वटहुकूम निघाला. एकाने केलं तर सगळ्या गावाला दंड. खटल्याशिवाय स्थानबद्ध करायला भारत संरक्षण नियमांतला २६ वा नियम होता. त्याच नियमाखाली मुंबईत केशव तळपदे यांना स्थानबद्ध केलं होतं. त्यांचं प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेलं आणि एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने हा नियमच बेकायदा ठरवला. हजारो माणसं ज्या नियमाखाली आत होती, तो नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा निघाला! सरकारने काय केलं? काही दिवसांतच नवा वटहुकूम काढून मूळ कायदाच मागच्या तारखेपासून दुरुस्त केला. म्हणजे कायदा मोडण्याचा आरोप एका बाजूवर, आणि मोडलेला कायदा मागून शिवून घेण्याची सोय दुसऱ्या बाजूकडे. कोतवालांना हा निकाल पाहायला मिळाला नाही.

एक गोष्ट आकाशवाणीवर बोलताना सांगायलाच हवी. त्याच महिन्यांत मुंबईत काँग्रेसचं गुप्त रेडिओ केंद्र चालू होतं. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवरून बातम्या देत. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले. एक मंडळी विजेची तार तोडत होती आणि दुसरी मुंबईतल्या विजेवर यंत्र चालवून सरकारच्या बातमीची मक्तेदारी तोडत होती. यंत्राला पक्ष नसतो असं म्हणतात. पण त्याची कळ कुणाच्या हातात आहे, हे त्या दोघांनीही बरोबर ओळखलं होतं.

नोव्हेंबरनंतर पाठलाग वाढला. दस्ता मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात गेला. कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात आणि सिद्धगड ठाणे जिल्ह्यात. हद्द ओलांडली की दोन्हीकडच्या पोलिसांना कागद हलवावे लागतात, हा फायदा रान माहीत असलेल्या माणसांना ठाऊक असणारच. पण माहिती फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या पोलीस तुकडीने तळ गाठला. गोळीबारात हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघेही गेले. कोतवालांना तिसावं वर्ष लागून महिनाच झाला होता का, असं कुणी विचारतं. नाही, तिसावं पुरं होऊन महिना झाला होता. दर वर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडावर माणसं जमतात. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला.

स्मारकं झाली ते चांगलंच झालं. माझी तक्रार एवढीच आहे की, स्मारकात वाद उरत नाही. कोतवालांना आपण फक्त शूर म्हणतो, आणि ते शूर होतेच. पण ते विचार करणारेही होते. मनोरा म्हणजे लोखंड नव्हे, ती सत्तेची वाहिनी आहे, असं वाचून त्यांनी पाऊल उचललं. ते पाऊल बरोबर होतं का, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. मला विचाराल तर १९४२ साली, मत द्यायचा, दाद मागायचा दुसरा रस्ता सरकारने बंद केलेला असताना, ते समर्थनीय होतं. आज तो मनोरा पाडणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही, कारण आज त्याच तारेवर गावातला दवाखाना आणि पंप चालतो आणि सरकार बदलायचा हक्क आपल्याला आहे. पण तोच मनोरा, तीच जागा, आणि उत्तर वेगळं. म्हणजे उत्तर यंत्रात नाहीच.

पाण्याचं प्रकरण तर अजून मिटायचंच आहे. खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडणारं पाणी पाताळगंगेला मिळतं. खालापुरातली गावं आणि रसायनीकडचे कारखाने त्यावर जगतात. भिवपुरीचं पाणी पेज नदीतून उल्हासला जातं, आणि राजनाला कालव्याने कर्जतमध्ये उन्हाळी भात पिकतं. कोकणात, एवढा पाऊस पडूनही, उन्हाळ्यात भात डोलतं हे दृश्य त्या वीजघरामुळे आहे. ज्या तालुक्यावरून वीज निघून गेली, त्याला पाणी मात्र मिळालं. आणि हे पाणी मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं. कृष्णा पाणीवाटप लवादाने टाटांच्या या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याला मर्यादा घालून दिली आहे, आणि दुष्काळाच्या वर्षी पुणे-सोलापूरकडून मागणी होते की वीज आता दुसरीकडून मिळते, तर आमचं पाणी आम्हाला परत द्या. सोलापूरच्या माणसाचं चूक आहे असं कोण म्हणेल? आणि राजनाल्यावरच्या शेतकऱ्याने तीन पिढ्यांचं पाणी सोडावं असं तरी कोण म्हणेल?

आणि आता नवी गोष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात दोन प्रकल्पांचा करार झाला: शिरवटा इथे १,८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १,००० मेगावॉट. हे पाणी चढवण्या-उतरवण्याचे प्रकल्प आहेत. दुपारी उन्हावर वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि संध्याकाळी मुंबईत दिवे लागले की तेच पाणी पुन्हा खाली सोडून वीज करायची. घाटच जणू मोठी बॅटरी. १९२२ साली खाली आलेलं पाणी शंभर वर्षांनी वर चढणार. त्या उन्हाच्या विजेसाठी लागणारे सौर सेल अजून बऱ्याच प्रमाणात चीनमधून येतात. वर चढवलेलं पाणी लवादाच्या मोजणीत कसं धरायचं, खालच्या तळ्यासाठी जागा कुणाची जाणार, नव्या वाहिनीचे मनोरे कुठल्या शिवारातून जाणार आणि त्यांना भरपाई कुठल्या दराने, पेज नदीत मे महिन्यात पाणी किती राहणार, हे प्रश्न भिवपुरीत विचारले जायला हवेत, आणि ते कागदावर सह्या होण्याआधी विचारले तर जास्त बरं. करार झाला आहे. राजनाल्याचं पाणी मात्र आज तरी पूर्वीसारखंच सुटतं.